अकरा रविवार: संध्याकाळच्या जेवणाच्या आगाऊ तयारीच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

सासूबाई मेअखेरीस गावी चिपळूणला गेल्या. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपेनासा झाला होता. थोरला जन्मल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि तो किती मोठा भार होता हे मला या दोन आठवड्यांत कळलं.

माझा रोजचा हिशेब असा: फोर्टमधलं ऑफिस पावणेसहाला सुटतं. सीएसएमटीहून भांडुप, तिथून पाळणाघरातून धाकटीला घ्यायचं (अडीच वर्षांची), शेजारच्या काकूंकडून थोरल्याला (सहा वर्षांचा), घरात पाऊल पडतं सव्वासातला. नवरा ठाण्याहून साडेआठपर्यंत येतो. सोमवारपासून थोरल्याची पहिली सुरू, शाळा सकाळची, म्हणजे साडेनऊला दिवा बंद व्हायलाच हवा.

या दोन आठवड्यांत नऊ वेळा बाहेरून जेवण मागवलं. ३,७४० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. बाहेरचं तिखट धाकटीच्या घशाखाली उतरत नाही, त्यामुळे नऊपैकी सहा रात्री ती दूध-बिस्किटांवर झोपली. म्हणून हे काम हातात घेतलंय. उद्यापासून दर रविवारी पुढच्या पाच रात्रींची तयारी करणार. आमच्यासारखं घर असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून जसं घडेल तसं लिहून ठेवतेय.

फ्रीज १९० लिटरचा, एका दाराचा. वरच्या बर्फाच्या कप्प्यात आत्ता दोन ट्रे आणि मटारची एक जुनी पिशवी आहे.

रविवार, १५ जून

पाच पूर्ण जेवणं करून ठेवली. बटाट्याची रस्सा भाजी, भेंडी, राजमा, कोबी, मटकीची उसळ. चार तासांत आटपेल असं वाटलं होतं, सव्वासहा तास लागले. बाजार ८६० रुपये, स्टीलचे नवे सहा डबे ९०० रुपये. संध्याकाळी पाठ धरली होती आणि मुलं दिवसभर टीव्हीसमोर होती. डबे मात्र ओळीने भरले आणि बरं वाटलं.

शुक्रवार, २० जून

आठवड्याचा निकाल सरळ लिहिते.

भेंडी मंगळवारी बुळबुळीत. कोबीला पाणी सुटलं आणि वास आला, टाकला. बटाट्याचा रस्सा बर्फाच्या कप्प्यात ठेवला होता. तो गरम केल्यावर बटाटा रवाळ, स्पंजसारखा झाला आणि पाणी वेगळं पडलं. शिजलेला बटाटा गोठवला की असंच होतं, तो परत मऊ होत नाही. मटकी आणि राजमा मात्र उत्तम टिकले. राजमा तर दुसऱ्यांदा गरम केल्यावर जास्त मुरला.

म्हणजे कडधान्यं टिकतात, पाण्याच्या भाज्या टिकत नाहीत. पण मला खरा धडा मिळाला तो गुरुवारी. राजमा तयार होता, फक्त गरम करायचा होता, तरी जेवायला आठ वाजून दहा मिनिटं झाली. कारण भात लावायचा होता, पोळ्या व्हायच्या होत्या आणि धाकटी पायाला मिठी मारून रडत होती.

रविवार, २२ जून

आज पूर्ण जेवणं केली नाहीत. तीनच गोष्टी केल्या.

एक, लाल मसाला. दोन किलो कांदा, दीड किलो टोमॅटो, आलं-लसूण. दोन, कांदा-खोबऱ्याचं वाटण. तीन, तुरीची डाळ हिंग-हळद घालून घट्ट शिजवून, घोटून ठेवली.

लाल मसाल्याची पहिली कढई जळली. सगळा कांदा एकदम टाकला, त्याला पाणी सुटलं, मी वैतागून आच मोठी केली आणि टोमॅटो घाईने ढकलले. तळ लागला. वरचा भाग चांगला दिसत होता म्हणून वेगळा काढला, पण कडवटपणा सगळीकडे पसरला होता. एक किलो कांदा आणि पाऊण किलो टोमॅटो गेले, दीड तास गेला. दुसऱ्यांदा उरलेला कांदा दोन कढयांत वाटून, मीठ घालून, मध्यम आचेवर पस्तीस मिनिटं परतला. तो तांबूस होऊन तेल सोडेपर्यंत टोमॅटोला हात लावला नाही. चार वाट्या मसाला झाला. त्यात तिखट घातलं नाही. हे महत्त्वाचं आहे, पुढे लिहिते का ते.

गुरुवार, २६ जून

एका घोटलेल्या डाळीतून तीन रात्री निघाल्या. सोमवारी साधं वरण-भात-तूप-लिंबू. मंगळवारी आमसूल-गूळ घालून आमटी. बुधवारी वरणफळं. वरणफळांसाठी पीठ थोरल्याने मळलं. मी लाटून दिलं आणि त्याने छोट्या वाटीने गोल कापले. उकळत्या आमटीत एकेक गोल सोडताना तो मोजत होता. अठ्ठावीस झाले. त्या रात्री त्याने स्वतः कापलेले सात खाल्ले. एरवी वरण दिलं की भाताखाली लपवतो.

तिखटाचं असं: पातेल्यात मसाला, उसळ, पाणी एकत्र उकळलं की आधी मुलांच्या दोन वाट्या बाजूला काढायच्या. मग उरलेल्यात तिखट आणि गोडा मसाला घालून दोन उकळ्या आणायच्या. एकाच भांड्यातलं जेवण चौघांना चालतं. मसाल्यातच तिखट घालून ठेवलं असतं तर मुलांसाठी रोज वेगळं करावं लागलं असतं.

कणीक रविवारी मळून ठेवली होती, बुधवारी तिच्यावर काळपट ठिपके दिसले. हवा लागली की कणीक काळी पडते. वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते, त्यापुढे नाही. आता सकाळी डब्याच्या पोळ्यांसाठी मळतानाच संध्याकाळचा गोळा काढून ठेवते.

सोमवार, ३० जून, रात्री एक वाजता

आज झालेली चूक सगळ्यात मोठी आहे, म्हणून झोप येत असूनही लिहितेय.

काल दुपारी एक वाजता दोन दिवसांचा भात एकदम केला. गरम भात फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं आणि विसरले. रात्री आठला फ्रीजमध्ये गेलं. सात तास, जूनच्या दमट हवेत, झाकणाखाली. आज संध्याकाळी त्याचा फोडणीचा भात केला, चांगला खरपूस परतला. आठला मुलं जेवली. साडेदहाला थोरल्याला उलटी झाली, पाठोपाठ धाकटीला. धाकटीला चार वेळा.

जवळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भात कधीचा होता?" त्यांनी समजावलं ते तसंच लिहिते. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात. भात शिजवला तरी ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करून, परतून, कशानेही जात नाही. मी भात चांगला गरम केला म्हणून निर्धास्त होते, तीच चूक होती.

मुलं आता झोपली आहेत. ओआरएस दर दहा मिनिटांनी चमचा-चमचा दिलं. मी दोघांच्या मध्ये बसून आहे.

रविवार, ६ जुलै

मुलं दोन दिवसांत ठणठणीत झाली. आज आषाढी, आमच्याकडे साबुदाणा. दाण्यांचं कूटच घालते, अख्खा शेंगदाणा नाही. धाकटी अजून नीट चावत नाही आणि एवढ्या वयाला अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

आजपासून घरात हे पक्कं:

भात आगाऊ शिजवायचा नाही. रोज ताजा.

बाकी जे शिजेल ते परातीत किंवा पसरट ताटात पातळ पसरून पंख्याखाली ठेवायचं, फार तर दोन तासांत फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात ठेवलेली डाळ मधोमध तीन तासांनीही गरम होती, बोट घालून पाहिलं. परातीत तीच डाळ पस्तीस मिनिटांत निवली.

फ्रीजमधलं शिजवलेलं तीन दिवसांत संपवायचं. गुरुवार-शुक्रवारचं जे असेल ते गोठवायचं.

गोठवलेलं ओट्यावर सुटायला ठेवायचं नाही. सकाळी खालच्या कप्प्यात उतरवायचं, नाहीतर गोठलेलंच थेट कढईत घालून उकळी आणायची.

भाताच्या जागी काढलेली युक्ती: खिचडीच्या पुड्या. पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, कोरडंच डब्यात मोजून ठेवायचं. अशा चार डब्या भरल्या. घरात शिरल्यावर धुऊन, हळद-मीठ घालून चार वाट्या पाणी, कुकर लावायचा, मग चप्पल काढायची. मोजायला, डबे शोधायला जाणारी पाच मिनिटं तिथेच वाचतात.

गुरुवार, १० जुलै

घड्याळ लावून संध्याकाळ मोजली.

७:१८ दार उघडलं. ७:३१ धाकटीचं रडणं सुरू. ७:३४ थोरला, "आई, भूक." ७:५२ कुकर उतरला. ८:०२ वाफ गेली. ८:०९ ताटं.

गॅसवरचं काम सतरा मिनिटांचंच होतं. बाकीचा वेळ रडणं थांबवण्यात गेला आणि एकदा बिस्किटांचा पुडा फुटला की जेवण संपलंच. म्हणजे इतके दिवस मी चुकीची गोष्ट आगाऊ करत होते. जेवण आठला असलं तरी चालतं, पण पहिली वाटी साडेसातच्या आत हातात पडली पाहिजे.

रविवार, १३ जुलै

आजची सगळी तयारी पहिल्या वाटीची. तीन प्रकार ठरवले.

लाल भोपळा आणि गाजर उकडून, घोटून, दोन रात्रींपुरतं सार. गरम करायचं, वर तूप-जिऱ्याची फोडणी. चार मिनिटं.

पातळ पोहे आणि दही. पोहे चाळून डब्यात तयार. दही, मीठ, चिमूटभर साखर. गॅस लागत नाही.

गाजर-फरसबीचे तुकडे बोटाने दबतील इतपत वाफवून फ्रीजमध्ये. तव्यावर तुपात एक मिनिट.

नंतर घातलेली भर: वाटी लहानच द्यायची. पहिल्या दिवशी सार मोठ्या वाटीत दिलं आणि पुढचं जेवण राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नैवेद्याच्या वाट्या काढल्या, त्यांचं माप बरोबर बसलं.

वेळ एकूण अडीच तास. बाजार ६४० रुपये.

बुधवार, २३ जुलै

पावसात दुपारी वीज गेली ती पाच तासांनी आली, काकूंनी वेळ टिपून ठेवली होती म्हणून कळलं. बर्फाच्या कप्प्यातली पाकिटं दगडासारखी होती, दिवसभर दार उघडलंच नव्हतं. खालच्या कप्प्यातली डाळ आणि सार टाकून दिलं. वास चांगला होता, पण भाताच्या प्रकारानंतर वासावर विश्वास ठेवत नाही. चार तासांच्या वर वीज गेली तर खालचं शिजवलेलं फेकायचं. खिचडीची पुडी होती म्हणून रात्र निभावली.

पाकिटांबद्दल: डबे बर्फाच्या कप्प्यात दोनच मावतात. झिपच्या पिशव्या घेतल्या, तीस पिशव्या १८० रुपयांना. मसाला भरून, हवा काढून, स्टीलच्या ताटावर चपट्या गोठवायच्या आणि मग वह्यांसारख्या उभ्या लावायच्या. अकरा मावल्या. चपट्या असल्यामुळे सुटतातही लवकर. बॉलपेनने लिहिलेलं ओलाव्याने पुसलं गेलं. कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं टिकतं.

रविवार, २७ जुलै

श्रावण लागला. उद्या पहिला सोमवार. आई इथे असत्या तर उपास सोडायला वालाची डाळिंबी उसळ झाली असती, दिवेलागणीच्या आत. शुक्रवारी त्यांचाच फोन आला, "अगं, वाल भिजत घातलेस का?" मी म्हटलं, आई, सोलायला वेळ कुठून आणू? त्या म्हणाल्या, "पोरांना बसव की. मी काय एकटीनं सोलत होते? तुझा नवरा चार वर्षांचा असल्यापासून सोलतोय."

शुक्रवारी अर्धा किलो भिजवले, रात्री फडक्यात बांधले. आज सकाळी बोटाच्या पेराएवढे मोड. कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवले आणि परात जमिनीवर मांडली.

थोरल्याला एकदाच दाखवलं. मोडाच्या उलट्या टोकाला अंगठा आणि तर्जनीत चिमटीत धरायचं आणि दाबायचं. साल बोटांत राहतं, डाळिंबी सुळकन बाहेर. पहिली उडून गॅसखाली गेली. दुसरी परातीत पडली. मग त्याने दुसऱ्या हाताची ओंजळ धरली. पंधरा मिनिटांनी त्याचा वेग माझ्याहून जास्त होता, कारण त्याची बोटं लहान. धाकटी रिकामी सालं एका पातेल्यातून दुसऱ्यात भरत होती. तिचं तेच काम, आणि ती त्यात पाऊण तास रमली. टीव्ही लागला नाही. नवरा शेजारी कांदे चिरत होता, मध्येच येऊन खाली बसला आणि न बघता सोलायला लागला. हात विसरला नव्हता.

तीन पाकिटं झाली. एक उद्यासाठी खाली, दोन गोठवली.

सोमवार, ४ ऑगस्ट

गोठवलेल्या डाळिंब्या कुकरला लावल्या, पीठ झालं. कढईत झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून बारा-चौदा मिनिटं, डाव न घालता फक्त कढई हलवायची. पाकिटावर आता नावाबरोबर कृतीही लिहिते: "डाळिंब्या. कढई. १२ मिनिटं. कुकर नको. शेवटी आमसूल, गूळ." घरात कुणालाही करता आलं पाहिजे, मीच असले पाहिजे असं नको.

रविवार, १७ ऑगस्ट

हा आठवडा नेहमीचा. दोन तास दहा मिनिटं. पाऊस काल रात्रीपासून थांबलेला नाही, बाजारात पालेभाजी सगळी चिखलाची आणि सडकी, घेतली नाही. मटकी, मूग, वाल, लाल मसाला चार, वाटण दोन.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी गाडी मिळाली म्हणून ऑफिसला गेले, जायला नको होतं. थोरला शाळेतून साडेबाराला आला, तोवर दुपारच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. साडेतीनला निघाले. गाड्या रखडत होत्या. शीवच्या पुढे गाडी पाऊण तास उभी, मग कुर्ल्याला परत तेच. फोनची बॅटरी नऊ टक्के. ठाण्याहून नवरा रिक्षाने आणि थोडं चालत सहाला घरी पोचला, पाळणाघरातून धाकटीला उचलून.

मी पावणेदहाला घरात शिरले. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मुलं झोपली होती. ओट्यावर झाकलेलं ताट होतं: डाळिंब्या, पोळी, काकडीची कोशिंबीर. बाजूला पाकिटावरची चिकटपट्टी, माझ्या अक्षरातली, भांड्याला चिकटवलेली. नवऱ्याने सांगितलं: साडेसहाला दही-पोह्यांची पहिली वाटी, सव्वासातला जेवण. थोरल्याने पट्टी वाचून दाखवली, अक्षर लावून लावून, "का-ढई", आणि मग स्वतःच सुधारलं, "कढई". बारा मिनिटं त्यानेच घड्याळात पाहिली.

डाळिंब्या अख्ख्या होत्या. एकही मोडली नव्हती.

बुधवार, २० ऑगस्ट

काल सुट्टीच होती. मध्य रेल्वेच काही तास बंद, सगळे घरात. तीन वेळचं ताजं केलं, पाकिटांना हात लावला नाही. ज्या दिवशी वेळ आहे त्या दिवशी साठवणीतलं काढायचं नाही.

जुलैचा खर्च मांडला. बाहेरून जेवण दोनदा, ७९० रुपये. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या, आठवड्यातून दोनदा दहा, दहा रुपयांची एक, महिन्याचे ८०० च्या आसपास. हा खर्च मी चालू ठेवणार. बुधवार-शुक्रवारी पोळ्या लाटायच्या नाहीत म्हणून मी मुलांजवळ बसून जेवते.

रविवार, २४ ऑगस्ट

आज तयारी नाही. बुधवारी गणपती, उद्या रात्री गावी निघायचं. तिथे असेपर्यंत फ्रीज बंद ठेवणार म्हणून वरचा कप्पा रिकामा केला, बर्फ खरवडला, दार उघडं ठेवायला लाकडी चमचा अडकवून ठेवणार. उरलेल्या दोन लाल मसाल्यांची पावभाजी आज, एक वाटण उद्या दुपारच्या मटकीला.

थोरल्याने अर्धा किलो वाल स्वतःच्या दप्तरात भरून घेतलेत. आजीला सोलून दाखवायचे आहेत. फोनवर त्याने तिला आधीच सांगितलंय की गावचे वाल नकोत, मुंबईचे घेऊन येतो.

पुढची तयारी रविवारी, ७ सप्टेंबरला. वाल शुक्रवारी भिजत घालायचे.